नकाशात रस्ता, दारात भिंत

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दार उघडलं तर दारात सोफा. आमचा नव्हे. टेम्पोवर बांधलेला, पिवळाधमक, तीन माणसं ऐसपैस बसतील असा. टेम्पो आमच्या गल्लीच्या भिंतीला नाक लावून उभा, आणि ड्रायव्हर खाली उतरून भिंतीकडे असा बघत होता, जणू ती आत्ता बाजूला सरकणार आहे.

मी म्हटलं, पुढे रस्ता नाही. तो म्हणाला, आहे. मी म्हटलं, ही भिंत दिसते ना? तो म्हणाला, दिसते, पण यात सरळ दाखवतंय. आणि फोन माझ्या नाकापुढे धरला. फोनमध्ये खरंच आमच्या गल्लीतून एक निळी रेघ निघून भिंतीच्या आरपार गेली होती — थेट पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर, हॉस्पिटलच्या फाटकाशी. भिंतीवर लाल रंगात हातभर अक्षरांत लिहिलंय, 'पुढे रस्ता नाही'. आम्ही इथे राहायला आलो त्याच्या आधीपासूनचं आहे. पण भिंतीवरचं वाचतो कोण!

शेवटी त्याने भिंतीला हात लावून पाहिला. मग विश्वास बसला. आणि गाडी मागे घेताना समोरच्या शिंपीणबाईंच्या पायरीचा कोपरा उडवून गेला.

दुपारी मिक्सरचं माहितीपत्रक संपवलं. 'यंत्र चालू असताना आत हात घालू नये.' हे वाक्य मी आजवर किती यंत्रांसाठी आपल्या भाषेत आणलं असेल! धंदाच माझा तो — यंत्राबरोबर खोक्यात येणारे आणि खोक्यातच राहणारे कागद भाषांतरित करायचे. त्या भिंतीची आणि माझी जात एकच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज तर रांगच. एक मोटार, दोन टेम्पो, आणि एक गृहस्थ — त्यांनी भिंत पाहून फोन बंद करून पुन्हा चालू केला.

कन्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. म्हणजे घरात काही बंद पडलं की सगळे तिच्याकडे बघतात आणि ती म्हणते, "हे आमच्यात येत नाही." पण हे कोडं तिने सोडवलं. भिंतीच्या कोपऱ्यात खिंडार आहे. सामान पोचवणारे वळसा वाचवायला त्यातून दुचाक्या काढतात. प्रत्येकाच्या खिशात फोन. वर कुठेतरी बसलेल्या यंत्राने पाहिलं, अरेच्चा, इथून एवढी ये-जा! म्हणजे रस्ताच असणार. तिचा आपला अंदाज, पण मला पटला. यंत्राला नावं कशाला ठेवा? चार जण एका बाजूने गेले की आपणही त्याला रस्ताच म्हणतो.

संध्याकाळी आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आले. फोनचे निस्सीम भक्त. परवा कपाळावरचा घाम पुसत मला सांगत होते की आज हवा थंड आहे. त्यांनी फर्मावलं, नकाशाच्या कंपनीला तुम्ही कळवा, तुमचं लिहिण्यातलं आहे. कळवलं. 'रस्ता बंद आहे. भिंत आहे. भिंत जुनी आहे.' यापेक्षा नेमकं मी मिक्सरबद्दलही लिहिलेलं नाही.

जेवताना नणंदेचा फोन. विषय अर्थातच नाना.

नाना म्हणजे माझे सासरे. उभी नोकरी बस डेपोत कंट्रोलर म्हणून — कोणती गाडी कुठे लागेल, कोणती आधी सुटेल हे ठरवणारा माणूस. सासूबाई गेल्यापासून आतल्या खोलीत पंख्याखाली बसून असतात. पंखा बंद असला तरी त्याच्याकडेच बघतात. बोलणं म्हणजे हो, नको, असू दे. नणंद मार्चअखेर येऊन त्यांना कायमचं घेऊन जाणार म्हणते. तिच्याकडे उंच इमारत, लिफ्ट, दिवसभर सोबतीला बाई, खोलीत कॅमेरा. नवऱ्याला म्हणाली, "दादा, तुझ्याकडे ते विझत चाललेत. माझ्याकडे निदान कोणाचं तरी लक्ष राहील." नवरा म्हणाला, "बघू." हा त्याचा आवडता शब्द. घरातले सगळे निर्णय आजवर या शब्दाने घेतलेत.

नानांना विचारलं, तर 'असू दे'. पण मागे एकदा मी एकटी असताना म्हणाले होते, "सूनबाई, मला जमिनीवर बरं वाटतं. तेवढं बघ." तेवढं कसं बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही. नणंद खोटं बोलत नाही, हाच तर वांधा आहे. ते विझतायत खरे. हट्ट धरू तर कशाच्या जोरावर?

९ फेब्रुवारी, सोमवार

नकाशावाल्यांचं उत्तर आलं. 'आपली सूचना मिळाली. इतरांची मतं तपासत आहोत.' भिंत आहे की नाही, यावर मतदान!

११ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

दुपारी एक मिनीबस आली. पाहुण्यांनी भरलेली, सगळे नटलेले, कुठल्याशा समारंभाला उशीर झालेला. भिंतीशी अडकली. ड्रायव्हर नवखा. पुढे घे, मागे घे, एकदा शिंपीणबाईंच्या पायरीवर, एकदा आमच्या खिडकीवर. बसमधले सगळे एकाच वेळी सूचना देतायत. मी खिडकीतून ओरडून घसा बसवून घेतला. आणि मागून आवाज आला.

"एकानेच बोला! बाकीचे गप्प!"

नाना. बनियन, पायजमा, पायात माझ्या चपला. मला बाजूला सारून तरातरा बाहेर. "स्टेअरिंग पूर्ण डावीकडे कापा. आरसा बघू नका, माझा हात बघा. येऊ द्या... येऊ द्या... अजून येऊ द्या... थांबा." बसच्या बुडावर दोन थापा. चिमणीच्या पावलांनी ती बस अशी निघाली, जशी रोज इथूनच सुटते. आतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी हात वर केला — निरोपाचा नव्हे, 'मार्गस्थ व्हा' असा.

वर्षभरात त्यांच्या तोंडून एका दमात एवढे शब्द आले नव्हते. घरात येऊन माझ्या चपला काढल्या, त्यांच्याकडे जरा चकित होऊन पाहिलं, आणि म्हणाले, "भूक लागलीये." दोनदा वाढून घेतलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

नानांची खुर्ची भिंतीपाशी गेली. गळ्यात शिट्टी. (डेपोतली. कुठे जपून ठेवली होती देव जाणे. माझी कात्री मला मिळत नाही.) सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतात. नवरा म्हणाला, "अगं, नाना ड्युटीवर?" मी म्हटलं, "बघू."

संवाद ऐकण्यासारखे असतात. मी भाषांतर खिडकीशी घेऊन बसते. काम निम्म्यावर आलंय, करमणूक दुप्पट. आज एक टापटीप तरुण मोटारीची काच अर्धी खाली करून म्हणाला, "आजोबा, फोन चुकत नाही." नाना म्हणाले, "फोन चुकत नाही आणि भिंतही चुकत नाही. दोघांचं तुम्हीच मिटवा." मग त्याला मागे घ्यायला शिकवलं. जाताना तो नमस्कार करून गेला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

गोंधळ. फोनवर नकाशा उघडला तर खाली प्रश्न: 'हा रस्ता चालू आहे का? हो / नाही.' त्याखाली बारीक अक्षरांत: 'बंद असल्याचं अलीकडे कळवण्यात आलं आहे. लवकरच बदल होऊ शकतो.'

माझीच तक्रार! तिला पाय फुटले होते. रस्ता नकाशावरून गेला की गाड्या येणार नाहीत. गाड्या आल्या नाहीत की खुर्ची आत. खुर्ची आत आली की पंखा. आणि मार्चअखेर नणंद.

मी इकडेतिकडे पाहिलं. आणि 'हो' दाबलं.

तत्त्वनिष्ठ बाई मी! फोनच्या नादाने जग कसं आंधळं झालंय यावर शिंपीणबाईंना मी दर आठवड्याला व्याख्यान देते. आज एका बोटाने भिंत पाडली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा 'हो'. सवय लागायला वेळ लागत नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

कोणीतरी माझ्या विरुद्ध आहे. दुपारी जेवणं झाली की मी 'चालू' कळवते, आणि सकाळी बघावं तर खाली लिहिलेलं: 'काल संध्याकाळी एकाने बंद असल्याचं कळवलं.' रोज! नेमाने! हा सेक्रेटरीच. दुसऱ्या कोणाला एवढा रिकामा वेळ असणार? जिन्यापाशी भेटले तेव्हा मी बघितलंच नाही त्यांच्याकडे. त्यांनी विचारलं, ते नकाशाचं काही झालं का? काय साळसूद चेहरा! मी म्हटलं, तुम्हालाच ठाऊक.

शिंपीणबाईंना कटात घेतलं. त्यांचं आधी म्हणणं होतं की पायरीचे उरलेले कोपरेही जातील. पण वाट चुकून आलेल्या बायका गाडी निघेपर्यंत दुकानात डोकावतात, आणि कोणाच्या तरी बाहीची शिवण उसवलेली असतेच. आता त्याही एक 'हो' टाकतात. म्हणाल्या, "नानांसाठी हो. आणि थोडं धंद्यासाठी." खरं बोलणारी माणसं मला आवडतात, विशेषतः खोट्याला मदत करत असतील तर.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज अख्ख्या भागात नेटवर्क बंद. सकाळपासून रात्रीपर्यंत. काय शोभा झाली सगळ्यांची!

नवरा ऑफिसला निघाला आणि दारातून परत आला. वर्षानुवर्षं त्याच ऑफिसात जातो, पण रोज नकाशा लावून. कोणत्या रस्त्याला गर्दी आहे ते आधी कळतं म्हणे. आज विचारत होता, पुलाखालून डावीकडे ना? सेक्रेटरी आले. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते फोन सांगत नाहीये, काय करायचं? मी म्हटलं, गच्चीवर जाऊन झाकण उघडायचं. त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. कन्या कॉलेजला जाईपर्यंत नेटविना, दोर तुटलेल्या पतंगासारखी घरभर.

मी फार हसले. मग संध्याकाळी कन्येला यायला उशीर झाला तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातल्या जुन्या, तारेच्या फोनवरून तिला फोन लावायला गेले. आणि आठवलं, तिचा नंबर मला पाठ नाही. नवऱ्याचाही नाही. पाठ आहे फक्त माझ्या माहेरचा, आणि ते घर विकून युगं लोटली. दुकानदार रिसिव्हर धरून उभा. मी बिस्किटाचा पुडा घेऊन परत आले.

गल्लीत मात्र दिवसभरात एकही गाडी आली नाही. नकाशा नाही म्हटल्यावर लोकांनी तोंड उघडून रस्ता विचारला असणार. नाना खुर्चीवर बसून होते. दुपारी तिथेच डुलकी लागली. उठल्यावर म्हणाले, "आज शांत आहे." मला इतकं कसंतरी झालं! बिचारे. उद्या नेटवर्क यावं म्हणून मी देवाला हात जोडले — माहितीपत्रकं लिहिणाऱ्या बाईने!

६ मार्च, शुक्रवार

कन्येने तिचा जुना फोन नानांना दिला. संध्याकाळी आजोबा-नात डोक्याला डोकं लावून बसतात. पत्ते खेळत असतील. नणंदेशी रोज बोलणं होतं, तेही तोंड बघून. काल नाना तिला सांगत होते की ट्रकवाले ऐकतात, मोटारवाले वाद घालतात, आणि सगळ्यात हट्टी म्हणजे नुकतं चालवायला शिकलेले. नणंद ऐकत राहिली. शेवटी नवऱ्याला म्हणाली, "दादा, हे नानाच ना?"

फोनला मी इतके दिवस शिव्या घातल्या. बापलेकींना त्याने एका खोलीत आणलं, हे मान्य केलं पाहिजे. इथे मान्य करते. बाहेर नाही.

१४ मार्च, शनिवार

ऊन वाढलं. नाना काळवंडलेत. जेवायलाही आत यायला तयार नाहीत, ताट खुर्चीवर. मी म्हटलं, तासभर पडा जरा. म्हणाले, "मी आत गेलो आणि कोणी येऊन आपटलं तर? कोणीतरी थांबायला नको का?" काय हा उत्साह! शिंपीणबाईंनी दुकानावरची ताडपत्री पुढे ओढून त्यांना सावली केली.

सेक्रेटरी अजूनही रोज संध्याकाळी 'बंद'. चिकाटी आहे माणसात. मी आणि शिंपीणबाई दोघी मिळून त्याला पुरून उरतोय.

२२ मार्च, रविवार

नणंद आली. टॅक्सीने. टॅक्सी अर्थातच भिंतीपर्यंत गेली. आणि तिच्या बापाने तिला शिट्टी वाजवून, हात दाखवून, मागे घेत आमच्या दारात आणून लावलं. ती उतरली आणि तिथेच रडायला लागली. नाना म्हणाले, "सामान काढ आधी. मागे गाडी आहे."

दिवसभर बघत होती. त्यांचं जेवण, चालणं, ओरडणं, कोणा अनोळखी माणसाला "अहो साहेब, यंत्राचं ऐका पण डोळ्यांनाही विचारा" म्हणणं. तिने आणलेलं विमानाचं तिकीट पर्समधून निघालंच नाही. रात्री भांडी आवरताना मला म्हणाली, "वहिनी, तू काय केलंस गं यांना?" मी म्हटलं, मी काय करणार? एक बोटही हलवलं नाही.

असं धादांत खोटं मी फार दिवसांनी बोलले.

२४ मार्च, मंगळवार

नणंद गेली. एकटी. नाना जमिनीवर राहिले! आज मी स्वतःला दुपारची झोप बक्षीस दिली. त्याआधी 'हो' दाबलं.

२ एप्रिल, गुरुवार

आजचं माझं अक्षर बघा.

भर दुपारी सायरन. गल्लीत अँब्युलन्स शिरली आणि भिंतीशी येऊन थांबली. तिच्यापाठोपाठ दोन मोटारी, तोच नकाशा बघत आलेल्या. म्हणजे मागेही वाट बंद. अँब्युलन्सचा ड्रायव्हर आमच्या भागातला नव्हता. उतरला, भिंत पाहिली, फोन पाहिला, आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

आत एक माणूस झोपवलेला. वय नवऱ्याएवढंच. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. त्याची बायको खाली उतरली. भिंतीवरून पलीकडच्या हॉस्पिटलचे वरचे मजले दिसतात. तिने त्याकडे बोट केलं आणि मला विचारलं, "ते समोर दिसतंय ना? मग रस्ता कसा नाही?"

मला. सगळ्या गल्लीत नेमकं मला.

नानांनी शिट्टी गळ्यातून काढून फेकली. मोटारी मागे घेत बसायला वेळ नाही, हे त्यांनी एका नजरेत ठरवलं होतं. "स्ट्रेचर काढा. खिंडारातून नेऊ. सूनबाई, पायाकडची बाजू धर." ड्रायव्हर, त्याचा मदतनीस, मोटारीतले दोघे, शिंपीणबाई, मी. खिंडार दुचाकीपुरतं. स्ट्रेचर थोडं तिरकं करावं लागलं, नाना पलीकडे जाऊन, "येऊ द्या... सावकाश... डोकं सांभाळा... येऊ द्या..." तोच सूर, पण आवाज फाटलेला. मग मोठा रस्ता. नाना दोन्ही हात पसरून वाहतुकीच्या मधोमध उभे राहिले, आणि सगळा रस्ता थांबला. फाटकातून आत नेलं. ती बाई मागे वळून न बघता धावत गेली.

परत येताना नाना खिंडारापाशी खाली बसले. मी पाणी आणलं. प्यायले नाहीत, चेहऱ्यावर मारलं.

संध्याकाळी ड्रायव्हर गाडी न्यायला आला तेव्हा कळलं, तो माणूस शुद्धीवर आलाय. धोका टळला म्हणतात. ड्रायव्हर म्हणाला, "अजून जरा उशीर झाला असता ना, ताई..." आणि पुढचं बोलला नाही. बरं झालं नाही बोलला.

३ एप्रिल, शुक्रवार



सकाळी पहिलं काम: 'हा रस्ता चालू आहे का?' — नाही. शिंपीणबाईंकडे गेले. त्यांनी आधीच 'नाही' दाबलं होतं. दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. मग भिंतीचा फोटो काढला, लाल अक्षरांसकट, आणि नकाशावाल्यांना सविस्तर लिहिलं. काल काय झालं तेही. चालू कळवणारी मी होते, हेही लिहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सूचना लिहिल्या — आत हात घालू नये, लहान मुलांपासून दूर ठेवावे. स्वतःसाठी एक लिहायची राहिली होती.

सेक्रेटरी जिन्यापाशी भेटले. त्यांना म्हटलं, तुमचं बरोबर होतं. ते फार खूश झाले. कशाबद्दल ते त्यांना कळलेलं दिसलं नाही. तसं त्यांना कधीच विचारावंसं वाटत नाही.

आता नानांना सांगायचं कसं? मीच त्यांची नोकरी देते आणि मीच काढून घेते. नाना आज खुर्चीवर नव्हते. दिवसभर गल्लीच्या तोंडाशी उन्हात उभे होते, एकही गाडी आत शिरू नये म्हणून.

७ एप्रिल, मंगळवार

'आपली सूचना मान्य झाली. आभारी आहोत.' निळी रेघ आता भिंतीच्या अलीकडे थांबते. दुपारभर गल्लीत फक्त मांजर.

नवऱ्याला म्हटलं, नानांना तू सांग. तो म्हणाला, "बघू." म्हणजे मीच.

८ एप्रिल, बुधवार

चहाचा कप हातात देऊन सांगून टाकलं: नाना, तो रस्ता काढला हो त्यांनी नकाशातून. आता गाड्या येणार नाहीत. मी डोळे मिटायचेच बाकी ठेवले होते. नानांनी कप खाली ठेवला आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला!

"सुटलो गं बाई! त्या मिनीबसच्या दिवसापासून रोज संध्याकाळी कळवतोय त्यांना, भिंत आहे, भिंत आहे. आधी नात लिहून द्यायची, मग माझं मीच. आणि रोज दुपारी कोणीतरी गाढव उलट कळवायचं, रस्ता चालू आहे म्हणून. त्या गाढवापायी दोन महिने मला गल्ली सोडून कुठे जाता आलं नाही. कोण असेल गं असं?"

मी म्हटलं, असेल एखादं.

नाना फिरायला गेलेत.